स्वच्छ चित्र आणि खरें चित्र

जें स्वच्छ दिसतें तेंच खरें, असा एक समज सुशिक्षितांच्या मनांत खोल रुजलेला आहे. हिशेब नीटनेटका असला कीं तो बरोबर वाटतो. वृत्तान्त गुळगुळीत असला कीं तो विश्वसनीय वाटतो. या समजाची परीक्षा करण्यास आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतीलच एक उदाहरण आम्ही घेतों.

लोणारचें सरोवर वाचकांस ठाऊक आहेच. लवणासुराच्या कथेमुळें व दैत्यसूदनाच्या देवालयामुळें तें भाविकांस प्रिय आहे. बसाल्ट खडकांत अशनीच्या आघातानें झालेलें सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें विवर म्हणून तें शास्त्रज्ञांस प्रिय आहे. पावसाळ्यांत ढग आड आले कीं आकाशांतील साधा कॅमेरा आंधळा होतो. रडार-उपग्रह मात्र स्वतःच रेडिओ-लहरी सोडतो व परत येणाऱ्या लहरींवरून चित्र रचतो. २०१२ सालीं सोडलेला भारताचा रिसॅट-१, २०१४ सालचा युरोपचा सेंटिनेल-१ए आणि ३० जुलै २०२५ रोजीं श्रीहरिकोट्याहून गेलेला भारत-अमेरिकेचा निसार हे याच जातीचे उपग्रह होत.

अशा चित्रांत शांत पाणी काळें दिसतें, कारण तें लहरींना आरशाप्रमाणें भलतीकडे परतवितें. परंतु झुडपांचा, खडकाळ उतार एकसारखा उजळ न दिसतां, मीठ-मिरीं शिंपडल्यासारखा पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांनीं भरलेला दिसतो. या ठिपक्यांस 'स्पेकल' म्हणतात. हा यंत्राचा बिघाड नव्हे. चित्राच्या एकेका चौकोनांत कित्येक मीटर जमीन सामावलेली असते आणि तींतील असंख्य दगड व फांद्या आपापली लहर परत पाठवितात. कोठें लाटेचा माथा माथ्यावर पडतो व चौकोन झळकतो. कोठें माथा खळग्यांत पडतो व चौकोन विझतो. शेजारच्या दोन जागा प्रत्यक्षांत सारख्याच. चित्रांत मात्र एक पांढरी, एक काळी. लेसरच्या प्रकाशांत व सोनोग्राफीच्या चित्रांतही हाच प्रकार दिसतो. हा दोष एकट्या जमिनीचा नाहीं कीं एकट्या यंत्राचा नाहीं. पाहणारा व पाहिलेलें यांच्या संयोगांतून तो जन्मतो.

येथपर्यंतचा भाग पदार्थविज्ञानाचा झाला. विचार करण्याजोगी गोष्ट पुढेंच आहे. न बदललेली जमीन त्याच जागेवरून, त्याच लहरीनें पुन्हा पाहिली, तर तेच ठिपके त्याच ठिकाणीं पुन्हा उमटतात. अशीं शंभर चित्रें एकमेकांशीं तंतोतंत जुळलीं, तरी त्यामुळें काळा चौकोन खरोखर काळा ठरत नाहीं. पुनरुक्ति म्हणजे पडताळा नव्हे. आपण एखाद्या माणसाविषयीं वा जातीविषयीं एकाच ओट्यावर बसून वीस वर्षें तेंच मत बनवीत असतों, आणि तें इतक्या वेळां पटलें म्हणून त्यास अनुभव म्हणतों! अनुभव वाढावयास जागा बदलावी लागते.

रडारवाले नेमकें हेंच करतात. किंचित् वेगळ्या दिशांनीं मिळालेलीं दृश्यें एकत्र करून ते त्यांची सरासरी काढतात. अशीं चार स्वतंत्र दृश्यें मिळविलीं कीं चढउतार निम्मा होतो. तो चतुर्थांशावर आणावयाचा तर सोळा लागतात. पण हें फुकट होत नाहीं. शेजारचे सोळा चौकोन एकत्र केले, तर चित्राचा बारकावा प्रत्येक दिशेनें चौपट भरड होतो, आणि लहानशी पायवाट ठिपक्यांबरोबरच पुसली जाते. जॉंग-सेन ली यांनीं १९८० च्या सुमारास सुचविलेली गाळणी अधिक विवेकी आहे. जेथें चढउतार केवळ स्पेकलपुरता, तेथें ती सरासरी घेते. जेथें तो त्याहून अधिक, तेथें कांहीं खरी कड असावी असें मानून मूळ चित्रास फारसा हात लावीत नाहीं. तरीही कोठें थांबावयाचें हें शेवटीं माणसासच ठरवावें लागतें, आणि तेथें प्रश्न नीतीचा होतो.

कारण पुसून टाकलेलें कांहीं बोलत नाहीं. सोनोग्राफींतील दाणे अति गुळगुळीत केले, तर रुग्णाच्या नातलगांस चित्र सुबक वाटेल. परंतु एखादी बारीक कड त्यांतच नाहींशी होऊन वैद्यास ती दिसणारच नाहीं. लोणारचें विवर ज्वालामुखीचें कीं अशनीचें, हा वाद दीर्घकाळ चालला होता. १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत त्याचा निर्णय केला तो विवराच्या भव्य आकारानें नव्हे, तर छिद्रें पाडून काढलेल्या नमुन्यांतील, आघातानें काचरूप झालेल्या फेल्डस्पारच्या कणांनीं. स्पेकलचे दाणे आणि हे कण यांचा शास्त्रीय संबंध कांहीं नाहीं. परंतु बारीक म्हणून टाकाऊ, असें मानणाऱ्या घाईस हें उत्तर पुरेसें आहे.

मग चित्र स्वच्छ करूंच नये काय? करावेंच, नाहींतर त्या गोंगाटांत उताराची कडही सांपडणार नाहीं. पण आमच्या जुन्या शास्त्रकारांची एक शिस्त येथें उपयोगी पडेल. ते सिद्धान्त सांगण्यापूर्वीं पूर्वपक्ष संपूर्ण मांडीत. तो दडपीत नसत. त्याचप्रमाणें स्वच्छ केलेल्या चित्राशेजारीं मूळ चित्र जपून ठेवावें, आणि किती व कसें पुसलें तें उघड सांगावें. जो समाजाची सरासरी काढून बोलतो, जो इतिहास सुबोध करून लिहितो, किंवा जो मुलांस एखाद्या थोर पुरुषाचें निष्कलंक चरित्र शिकवितो, त्याच्यावरही हेंच बंधन आहे. स्वच्छतेचा अधिकार त्यालाच आहे, जो पुसलेल्याचा हिशेब देऊं शकतो.