प्रमाद आणि गळके ऑइल सील

हिंसा नेमकी कशाला म्हणावे, हा जैन आचारशास्त्राचा मध्यवर्ती प्रश्न आहे आणि उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात त्याला मिळालेले उत्तर भारतीय तत्त्वचिंतनात वेगळे उठून दिसते. प्रमत्त योगाने, म्हणजे बेसावध झालेल्या मन, वाणी आणि देह यांच्या व्यापाराने, प्राणांचा घात होणे ही हिंसा होय, असे हे सूत्र मानते. त्यामुळे हिंसेचा शोध शत्रुत्वाइतकाच दुर्लक्षातही घ्यावा लागतो. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांत आणि सीमेपलीकडे बेळगाव भागात पिढ्यानपिढ्या जमीन कसणारा दिगंबर जैन समाज आहे. १८९९ साली स्थापन झालेली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा याच समाजाची आणि १८८७ साली कुंभोजला जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटीलही याच समाजाचे. अहिंसा हे परमव्रत मानणाऱ्या या शेतकऱ्यांच्या बाबतीत प्रमादाची, म्हणजे बेसावधपणाची, चर्चा पोथीपुरती राहू शकत नाही, ती ट्रॅक्टरच्या शेडपर्यंत येते.

शेती करावी की नाही, यावर परंपरेत एकमत नव्हते. बाराव्या शतकातील हेमचंद्रांच्या योगशास्त्रात श्रावकाने टाळावयाच्या पंधरा व्यवसायांत जमीन फोडण्याचे काम येते; उलट नवव्या शतकातील जिनसेनांच्या आदिपुराणात ऋषभदेवांनी लोकांना शिकवलेल्या सहा उपजीविकांमध्ये कृषी आहे. दिगंबर परंपरेने यातून काढलेला मार्ग असा की, उपजीविकेत अटळपणे घडणारी 'उद्योगी' हिंसा गृहस्थाला पूर्णपणे सोडता येत नाही, मात्र ठरवून केलेली 'संकल्पी' हिंसा त्याने सोडलीच पाहिजे. ही सवलत उदार आहे, पण तिच्यामागे एक अट आहे आणि ती फार कमी वेळा बोलली जाते: जी हिंसा अटळ आहे तीच उद्योगी म्हणता येते, आणि काळजी घेतल्याने जी टळली असती तिला हे नाव देता येत नाही.

ही अट कुठे लागू होते हे पाहण्यासाठी जुन्या मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरचे मागचे चाक उघडून पाहणे उपयोगी ठरेल. 'मॅसी फर्ग्युसन ३५' या मूळ ब्रिटिश यंत्राची पिढी १९५६ च्या सुमारास बाजारात आली आणि १९६० मध्ये मद्रास येथे स्थापन झालेल्या 'टाफे' कंपनीमुळे मॅसी हे नाव भारतीय शेतावर रुळले. या घडणीच्या ट्रॅक्टरमध्ये ब्रेकचा ड्रम मागच्या चाकाजवळच असतो आणि चाक फिरवणारा एक्सल डिफरन्शियलच्या तेलातून बाहेर येतो. त्या तेलाला ड्रमपासून रोखण्याचे सगळे काम बेअरिंगजवळचे एक रबरी ओठाचे कडे, म्हणजे ऑइल सील, करत असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो ओठ कडक होतो, ज्या पृष्ठभागावर तो घासतो तिथे खाच पडते, हवा बाहेर सोडणारा ब्रीदर चिखलाने बुजला की आतला दाब वाढतो, आणि तेल थेंबाथेंबाने ड्रममध्ये उतरू लागते. ब्रेकचे काम कोरड्या घर्षणावर चालते, त्यामुळे ब्रेक शूवरचा तेल प्यायलेला लायनर, म्हणजे घर्षणाचा थर, ड्रमवर नुसता घसरतो. या ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या चाकाचे ब्रेक पेडल वेगळे असतात. शेतात वळताना ते स्वतंत्र वापरतात आणि रस्त्यावर एकमेकांना जोडून घेतात. एकाच बाजूचा लायनर भिजलेला असेल, तर जोडलेली पेडल दाबताच ट्रॅक्टर सुक्या बाजूकडे ओढला जातो. गाळप हंगामात उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या मागे असताना उतारावर हे घडले, तर मागचा भारच ट्रॅक्टरला पुढे ढकलतो, आणि मग रस्त्यावरच्या कोणाचे काय होईल हे चालकाच्या हातात राहत नाही.

बौद्ध परंपरेने चेतना, म्हणजे हेतू, हेच कर्म मानले. त्या मापाने मोजायला गेल्यास गळके सील चालवून घेणाऱ्या मालकाचा कोणालाही इजा करण्याचा हेतू नसतो. (बौद्धांनीही अप्रमादाची थोरवी आवर्जून गायिली आहे, म्हणून हा भेद टोकाला नेऊ नये.) दहाव्या शतकातील अमृतचंद्रांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात मात्र हा प्रश्न थेट हाताळला आहे: सावधपणे वागणाऱ्याकडून प्राणघात घडला तरी ती हिंसा ठरत नाही, आणि प्रमादाच्या अवस्थेत वावरणाऱ्याच्या पुढे, जीव मरो वा न मरो, हिंसा धावत असते. या विचाराचा परिणाम कठोर आहे. ज्या हंगामात अपघात झालाच नाही, त्या हंगामातही ढिल्या ब्रेकच्या ट्रॅक्टरचा मालक हिंसेपासून मुक्त नव्हता. हा कठोरपणा योग्यच वाटतो, कारण सुदैवाला पुण्य समजण्याची सोय तो काढून घेतो.

तत्त्वार्थसूत्राचा सहावा अध्याय याहून बारकाईने बोलतो. कर्माचा आत्म्याकडे होणारा ओघ, म्हणजे 'आस्रव', सर्वांच्या बाबतीत सारखा नसतो. भाव तीव्र की मंद, कृती जाणून केलेली की नकळत, तिचा आधार कोणता आणि तिच्यामागचे बळ किती, यांवर तो कमी-अधिक होतो. या आधाराला 'अधिकरण' म्हणतात आणि ते जीव तसेच अजीव, अशा दोन्ही प्रकारचे मानले आहे. अजीव अधिकरणात वस्तू घडवणे, ठेवणे, एकमेकांना जोडणे आणि प्रवृत्त करणे यांचा समावेश होतो. पूज्यपादांच्या सर्वार्थसिद्धी या टीकेत ठेवण्याचे न पाहता, नीट न पुसता, घाईने आणि लक्ष नसताना असे चार प्रकार केले आहेत, आणि जोडण्यात उपकरणांचा संयोगही धरला आहे. साधनांशी माणूस कसा वागतो याची इतकी चिकित्सा अवजारांच्या पूजाविधींतही क्वचित सापडते. खंडेनवमीला झेंडूचा हार चढवलेला पण रिमच्या आतून काळा ओघळ उतरलेला ट्रॅक्टर या टीकाकारांना दिसला असता, तर त्यांनी हाराकडे लक्ष दिले नसते. तो ओघळ दिसेपर्यंत प्रमाद नकळत असतो, दिसल्यानंतर तो जाणता होतो; पुढची प्रत्येक खेप वेगळ्या भावाने केलेली खेप ठरते.

मालक ट्रॅक्टरपासून फार दूर असेल तर काय, हे पाहण्यासाठी आता अबुधाबी शहराला पुलांनी जोडलेल्या अल रीम आयलंडचा विचार करता येईल. उंच निवासी मनोरे आणि सोरबोन विद्यापीठाची अबुधाबी शाखा असलेल्या या बेटावर नांगरायला जमीन नाही. शिरोळ किंवा हातकणंगले तालुक्यातील शेतकरी कुटुंबातला कोणी नोकरीनिमित्त तिथे राहतो, वडिलांच्या वेळची मॅसी त्याच्याच नावावर आहे आणि चुलतभाऊ ती ऊस वाहतुकीला लावतो, अशी स्थिती कल्पिली तर उत्तरदायित्व कोणाचे? सूत्राने कृतीची तीन अंगे सांगितली आहेत: कृत, म्हणजे स्वतः केलेली, कारित, म्हणजे दुसऱ्याकडून करवलेली, आणि अनुमत, म्हणजे संमती दिलेली. ओल्या ड्रमचा फोटो फोनवर पाहून 'हंगाम संपू दे, मग बघू' असे म्हणणारा मालक अनुमतीच्या कक्षेत येतो, आणि भाड्यातला वाटा घेत असेल तर कारिताच्याही. अंतर हा या विवेचनात विचारात घेण्याचा घटकच नाही. विचारात घ्यायचे ते ज्ञान आणि संमती, आणि ही दोन्ही बेटापर्यंत पोचतात.

दुरुस्तीचा क्रम आणि मोक्षमार्गाचा क्रम यांतले साम्य इथे लक्षात येते. आस्रव थांबवण्याला 'संवर' आणि साठलेले कर्म झडण्याला 'निर्जरा' म्हणतात. संवराशिवाय झालेल्या निर्जरेने मुक्ती मिळत नाही, कारण एकीकडून झडते तेवढे दुसरीकडून आत येते. चाक उतरवून, ड्रम काढून, पेट्रोलने शू धुऊन पुन्हा बसवणाऱ्याची अवस्था नेमकी हीच असते: सील बदललेले नाही, ब्रीदर मोकळा केलेला नाही, त्यामुळे काही दिवसांत लायनर पुन्हा ओला होतो. पण साम्य इथवरच नेता येते. मुरलेले तेल लायनरमधून पुरते निघत नाही, म्हणून मिस्त्री दोन्ही बाजूंचे लायनर नवेच टाकायला सांगतो. आत्म्याला चिकटलेले कर्म मात्र झडू शकते आणि आत्मा बदलावा लागत नाही, ही जैन मताची सर्वांत आशादायी बाजू आहे. शिवाय सील कोणाच्या कषायाने, म्हणजे क्रोध-लोभादी विकाराने, झिजत नाही. रबर म्हातारे होते, ट्रॅक्टरला कर्मबंध नाही, आणि बंध लागतो तो त्या झिजेची दखल घेणे पुढे ढकलणाऱ्याला. पुढे ढकलण्याच्या मुळाशी बहुधा लोभच असतो, कारण ऐन हंगामात ट्रॅक्टर उभा ठेवला की खेपा बुडतात.

मिस्त्रीही या हिशोबाबाहेर नाही. एक्सलवरची बेअरिंगची कॉलर कापून काढणे, नवी तापवून बसवणे, खाच पडलेला पृष्ठभाग बदलणे ही कामे वेळखाऊ असतात. ती टाळून जुन्या खाचेवर नवे सील ठोकले, तर सुरुवातीचे काही दिवस गळती थांबलेली दिसते आणि पैसेही मिळतात. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, तेव्हा ड्रममधली भुकटी हवेच्या झोताने उडवणे हा शेजारी काम करणाऱ्या पोऱ्याच्या फुप्फुसांशी केलेला प्रमाद होय. मालकाने मजुरी कमी करण्यासाठी घासाघीस केली आणि त्यामुळे हे घडले, तर कारित पुन्हा मालकाकडे जाते. म्हणून अल रीमवरच्या मालकापुढे व्रताच्या दृष्टीने दोनच पर्याय उरतात: कारखान्याचे गाळप सुरू होण्याआधी दोन्ही बाजूंची सील, लायनर आणि कॉलर यांचा पूर्ण खर्च पाठवावा आणि काम होईपर्यंत ट्रॅक्टर रस्त्यावर काढू देऊ नये, किंवा ते परवडत नसेल तर त्या हंगामात ट्रॉलीची जोडणीच करू नये, असे चुलतभावाला स्पष्ट सांगावे.