शंकेची नागमोडी रेघ

आपल्या हातून काही भरीव घडावं असं ज्याला वाटतं, त्याने पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचं एखादं पान सवडीने पाहावं. वर मोजके श्लोक आणि खाली बारीक टायपात दाटीवाटीने छापलेले पाठभेद. वरच्या श्लोकांत मधूनच एखाद्या शब्दाखाली नागमोडी रेघ दिसते. हा पाठ स्वीकारला आहे, पण त्याची खात्री देता येत नाही, असं ती रेघ सांगते. आयुष्यभराच्या व्यासंगानंतर छापील पानावर, सर्वांसमक्ष असं कबूल करायला मोठं धैर्य लागतं.

हे काम १९१९ साली सुरू झालं आणि १९६६ साली पुरं झालं. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखठणकर प्रमुख संपादक होते. केंब्रिजला गणित आणि बर्लिनला संस्कृत भाषाशास्त्र शिकून आलेला हा माणूस. काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मल्याळम लिपीपर्यंतच्या पोथ्या ताडून पाहायच्या होत्या. एका आदिपर्वासाठीच साठ पोथ्या वापरल्या गेल्या. श्लोकाचं एकेक अक्षर कागदावर वेगळ्या चौकटीत मांडायचं आणि पोथीत जिथे ते बदललं असेल, नेमकं त्याखाली तो बदल नोंदवायचा. पुण्याखेरीज तंजावर आणि शांतिनिकेतन इथेही ही जुळवाजुळव चाले. तिथे खाली मान घालून बसलेल्यांपैकी बहुतेकांची नावं आज कोणाला ठाऊक नाहीत. पण त्यांच्या नजरेतून एखादा अनुस्वार निसटला असता, तर वरच्या पंडिताचा सगळा तर्क चुकीच्या पायावर उभा राहिला असता.

आपल्याकडे कामाच्या उरकाचं फार कौतुक होतं. उरक हवाच, तो नसता तर सुखठणकरांच्या देखरेखीखाली आदिपर्व १९३३ साली पुरं झालं नसतं. पण आपण काय गाळलं आणि का गाळलं, हे दुसऱ्याला तपासता येईल असं ठेवणं मला त्याहून मोलाचं वाटतं. व्यासांचा लेखनिक झालेल्या गणपतीची कथा कोणाला प्रिय नाही? पोथ्यांचा पुरावा तिच्या बाजूने नव्हता, म्हणून ती मूळ संहितेतून निघाली. पण परिशिष्टात जपून ठेवली गेली. टाकलेल्या गोष्टीचाही इतका मान राखणारं काम मला थोर वाटतं.

जानेवारी १९४३ मध्ये सुखठणकर गेले. आदिपर्व आणि आरण्यकपर्व त्यांच्या हातून झाली होती, पुढचा पल्ला मोठा होता. तरी काम थांबलं नाही. आधी श्रीपाद कृष्ण बेलवलकरांनी आणि मग परशुराम लक्ष्मण वैद्यांनी ते पुढे नेलं. रीत एकट्या सुखठणकरांच्या डोक्यात असती, तर हे जमलं असतं का? आदिपर्वाच्या विस्तृत प्रस्तावनेत त्यांनी आपल्या निवडीमागची कारणं एकेक करून उलगडून ठेवली होती.

ती सगळ्यांना पटली असंही नाही. सिल्व्हाँ लेव्हींसारख्या फ्रेंच पंडिताचं मत असं होतं, की प्रचलित संहिताच छापावी आणि पाठभेद खाली द्यावेत. आजही कोणी अभ्यासक या आवृत्तीतल्या एखाद्या पाठावर आक्षेप घेतो, तेव्हा त्यासाठी लागणारा पुरावा त्याला बहुधा त्याच पानाच्या तळाशी सापडतो.