न बोलणाऱ्याची वेदना

दुसऱ्याची वेदना आपल्याला कळते ती कशी, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न. मुलांच्या आपत्कालीन विभागात शिकायला जाणाऱ्या एमबीबीएसच्या विद्यार्थ्यापुढे तो पहिल्याच ड्यूटीला उभा राहतो, कारण तिथल्या कित्येक रुग्णांना अजून बोलताच येत नसते.

काश्यपसंहिता या बालरोगांवरच्या प्राचीन आयुर्वेद ग्रंथाच्या वेदनाध्यायात शिष्य वृद्धजीवक हेच विचारतो. उत्तरादाखल काश्यप खुणा सांगतात: कान दुखत असला की बाळ कानाला हात लावते, डोके हलवते; पोटात शूळ उठला की अंगावर पीत नाही, रडते, पोट ताठ होते, तोंडाला घाम येतो. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, याला अनुमान म्हणतील. धूर दिसतो, त्यावरून अग्नी कळतो.

हे अनुमान नाकारले गेले तेव्हा अनर्थ झाला. नवजात अर्भकाला वेदना जाणवत नाही, या समजुतीमुळे १९८० च्या दशकापर्यंत अनेक अर्भकांवर पुरेशा वेदनाशामकाविना शस्त्रक्रिया होत राहिल्या. फेन्टानिल हे वेदनाशामक दिलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शरीरावर शस्त्रक्रियेचा ताण बराच कमी पडतो, हे कंवलजीत आनंद आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवले. बाळे रडत होती, आणि शिकलेली माणसे त्या रडण्याला निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया म्हणत होती. वैद्यकाच्या इतिहासातली ही मोठी लाजिरवाणी चूक आहे.

म्हणून या विभागातल्या ड्यूटीच्या पूर्वतयारीत वजनानुसार औषधांचे डोस पाठ करणे आलेच. पण पाहण्याचा सराव त्याहून आधी हवा. बाळ आईच्या मांडीवर शांत असताना झबले वर करावे आणि घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात ६०, वर्षाच्या आत ५० आणि पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे धाप. पोट उडते का, बाळ कण्हते का, तेही त्याच मिनिटात दिसते. मोठ्याने रडणाऱ्या मुलापेक्षा सुई टोचली तरी न रडणारे, मलूल मूल अधिक धोक्यात असू शकते.

न्यायदर्शनात अनुमानासोबत शब्द, म्हणजे आप्ताचे वचन, हेही प्रमाण मानले आहे. इथे आप्त म्हणजे बहुधा आईच. ‘आज हा नेहमीसारखा नाही,’ असे ती म्हणाली, तर विद्यार्थ्याने ते केसपेपरवर तिच्याच शब्दांत लिहावे आणि लगेच वरिष्ठांना दाखवावे.