गोदामातील शनिवार

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता, एका रविवारी सकाळच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात ओळखीच्या एका बाईंनी मला थांबवले. त्यांचा मुलगा एके काळी माझा विद्यार्थी होता. आता नोकरी सांभाळून तो महिन्या-दोन महिन्यांनी मुंबईतल्या एखाद्या लहानशा जागेत रात्री डीजे म्हणून संगीत वाजवतो. वरातीपुढचा डीजे नव्हे. ज्याला हाऊस आणि टेक्नो म्हणतात ते संगीत, फारशी जाहिरात न करता, ओळखी-ओळखीतून जमलेल्या शे-दीडशे तरुणांपुढे. बाई म्हणाल्या, "सर, शनिवारी रात्री जातो आणि रविवारी मिस्साच्या वेळी झोपलेला असतो. मला एवढंच सांगा, हे पाप आहे की नुसतं वाया जाणं?"

मी तेव्हा गुळमुळीत उत्तर देऊन निघालो. शिक्षकाची जुनी सवय! परंतु त्या माउलीने एका वाक्यात दोन निरनिराळे प्रश्न विचारले होते, आणि दोन्ही माझ्या मनातून जाईनात. म्हणून या नाचाचा उगम कुठला, हे शोधू लागलो. तो उगम एका गोदामात सापडला.

अमेरिकेतील शिकागो शहरात, साऊथ जेफरसन स्ट्रीटवरील २०६ क्रमांकाच्या जुन्या औद्योगिक इमारतीत १९७७ साली रॉबर्ट विल्यम्स नावाच्या गृहस्थाने एक नाचघर सुरू केले. लोक त्याला 'वेअरहाऊस' म्हणत, म्हणजे गोदामच. तेथे तबकड्या लावण्यासाठी त्याने न्यूयॉर्कहून फ्रँकी नकल्स या बावीस वर्षांच्या तरुणाला आणले. शनिवारी रात्री सुरू झालेला नाच रविवारचा दिवस चांगला वर येईपर्यंत चाले. तेथे मद्य विकले जात नसे. फळांचा रस आणि पाणी मिळे. येणारे बहुतेक कृष्णवर्णी आणि लॅटिन अमेरिकी वंशाचे तरुण, त्यांत समलिंगी पुष्कळ. शहरातल्या गोऱ्यांच्या क्लबांत त्यांना दारावरच अडवले जाई. अनेकांना घराचे दारही उघडे नव्हते. 'हाऊस' हे नाव याच वेअरहाऊसच्या शेपटातून आले, असे सांगतात.

त्या जागेविषयी फ्रँकी नकल्स म्हणत असे की, कृपेपासून ढळलेल्या लेकरांचे हे चर्च आहे. हे मी प्रथम वाचले तेव्हा, खरे सांगतो, मला राग आला. आपल्यासाठी पवित्र असलेला शब्द कोणी नाचघराला सहज चिकटवावा हे रुचले नाही. पण पुढे वाचत गेलो तसा माझा राग मलाच अडचणीत आणू लागला. या संगीतात जो गळा मोकळा सोडून गाणारा स्वर आहे, जो ऑर्गन आहे, तो कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील गॉस्पेल गायनातूनच आलेला आहे. चर्चमधले गाणे त्या पोरांबरोबर बाहेर आले होते. चर्चमध्ये जागा मात्र उरली नव्हती. त्यांनी तो शब्द चोरला, असे म्हणायचे की जाताना सोबत नेला, असे?

याच शहरात १२ जुलै १९७९ रोजी एक प्रकार घडला. बेसबॉलच्या मैदानावर एका रेडिओ निवेदकाच्या पुढाकाराने डिस्को संगीताचा जाहीर निकाल लावण्याचे ठरले. डिस्कोची एक तबकडी आणा आणि ९८ सेंटमध्ये आत या, अशी योजना होती. दोन सामन्यांच्या मध्यंतरात त्या तबकड्यांची पेटी स्फोटाने उडवण्यात आली, हजारो लोक मैदानात घुसले आणि दुसरा सामना खेळवताच आला नाही. तेथे प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे काम करणाऱ्यांत विन्स लॉरेन्स हा कृष्णवर्णी किशोर होता. तो पुढे हाऊस संगीताच्या पहिल्या रचनाकारांपैकी एक झाला. त्याने नंतर सांगितले की, लोकांनी आणलेल्या कित्येक तबकड्या डिस्कोच्या नव्हत्याच. त्या फक्त कृष्णवर्णी कलावंतांच्या होत्या. संगीत कसले, असे विचारता विचारता माणसे कसली, हे ठरवले जाते ते असे. आपणही पोरांच्या संगीताला नाके मुरडताना कधी कधी हेच करत असतो की काय, हा विचार मला सोडत नाही.

त्या संगीताच्या साधनांचीही कथा ऐकण्यासारखी आहे. जपानच्या रोलँड कंपनीने ठेका धरणारे '८०८' नावाचे यंत्र १९८० साली काढले, पाठोपाठ खर्जाची साथ देणारे '३०३'. खऱ्या वादकांची नक्कल करायला ही यंत्रे निघाली होती. नक्कल साधली नाही, खप झाला नाही, आणि ती जुन्या वस्तूंच्या दुकानांत पडून राहिली. शिकागो आणि डेट्रॉइटच्या गरीब पोरांना परवडली ती म्हणूनच. त्यांनी त्या यंत्राच्या खुंट्या भलत्याच दिशेने पिळल्या आणि पूर्वी कोणी ऐकला नव्हता असा आवाज निघाला. स्तोत्रकर्त्याचा नाकारलेला दगड येथे आठवल्यावाचून राहत नाही. गंमत अशी की, १९८२ साली आपल्या मुंबईत चरणजित सिंग या चित्रपटसंगीतातील वादकाने हीच दोन यंत्रे घेऊन दहा रागांची एक तबकडी काढली. तिच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा हाऊसचे जाणकार चकित झाले. माझ्या विद्यार्थ्याने ती मला ऐकवली. भैरव कानी पडला आणि खाली सतत एकाच लयीत धडधडणारा ठेका. मला आवडली, असे नाही. पण तिच्यात आळस नव्हता.

आता 'वाया जाणे' याविषयी. बाईंच्या मनात जी भीती होती ती पोकळ नाही. या रात्रींत मादक द्रव्ये शिरली आणि त्यांनी अनेक घरे उजाड केली, हे कोणी नाकारू नये. शिकागोचा रॉन हार्डी, ज्याच्या वादनाच्या आठवणी आजही सांगतात, १९९२ साली तेहतिसाव्या वर्षी गेला. व्यसनही होते, आजारही होता. त्याच वर्षी न्यूयॉर्कचा लॅरी लेव्हन अडतिसाव्या वर्षी गेला. अंधारात सर्वांनी मिळून नाचणे म्हणजे समाज नव्हे, हा आक्षेपही मला मोलाचा वाटतो. सोमवारी आजारी पडलेल्याला पेज कोण नेऊन देणार? धर्मग्राम म्हणजे काय, तर मयताला खांदा देणारी माणसे. शनिवारच्या गर्दीत एकमेकांचे आडनावही ठाऊक नसते.

मी हाच आक्षेप शेवटचा शब्द म्हणून लिहिणार होतो, तोच एक गोष्ट वाचनात आली. एड्सला अजून नावही मिळाले नव्हते, आणि रुग्णाच्या खोलीत जेवणाचे ताट आत न नेता दाराबाहेर ठेवून जाणारे कर्मचारी रुग्णालयांत होते, तेव्हाची. १९८२च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये या रुग्णांसाठी एक मदतसंस्था उभी राहिली. एप्रिलमध्ये तिच्यासाठी निधी गोळा करण्याचा पहिला मोठा कार्यक्रम झाला तो 'पॅराडाइज गॅरेज' या नाचघरात, जिथे हाच लॅरी लेव्हन वाजवीत असे. पुढे त्या संस्थेच्या स्वयंसेवकांनी घरोघर जाऊन रुग्णांना आंघोळी घातल्या, बाजारहाट केला, मरताना सोबत केली. म्हणजे पेज नेऊन देणारे तेथे निघाले. आपल्यातून त्या वेळी किती जण निघाले असते, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

दावीद राजा कराराच्या कोशापुढे जीव तोडून नाचला आणि मीखलने खिडकीतून पाहून त्याला मनात तुच्छ लेखले, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. ती ऐकताना आपण स्वतःला दावीदाच्या बाजूचे समजतो. वय झाले की खिडकी बरी वाटते.

तरीही या नाचाचे गुणगान मला करायचे नाही, कारण जो अन्याय त्याच्या जन्माशी होता तो आता त्याच्याच दारात उभा आहे. भिंत पडल्यावर १९९१ साली बर्लिनमध्ये 'ट्रेझोर' हे नाचघर सुरू झाले ते वेर्टहाइम या जुन्या दुकानाच्या तळघरातील तिजोरीत. नाझी राजवटीने त्या मूळच्या ज्यू कुटुंबाकडून दुकान हिरावून घेतले होते. तेथे पूर्व आणि पश्चिम बर्लिनची पोरे एकत्र नाचली. हे चांगलेच झाले. आज त्याच शहरातल्या सर्वांत नावाजलेल्या टेक्नो क्लबाच्या दारात तासन् तास रांगेत उभे राहिलेल्या माणसाकडे दारवान एक नजर टाकतो आणि कारण न सांगता परत पाठवतो. २०२४ साली जर्मनीने बर्लिनच्या टेक्नोला आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. मान मिळाला आणि दार अरुंद झाले, हे नाचघरांनाच घडते असे नाही.

बाईंच्या मुलाला मी दिवाळीच्या सुट्टीत घरी बोलावले. नाच पाप नाही असे मला वाटते, हे त्याला सांगितले. मिस्सा संध्याकाळचीही असते, हेही सांगितले. तो हसला. मग मी विचारले, "तुमच्या दारात कोण उभा असतो?"

"जागेच्या मालकाचा माणूस, सर. एकट्या मुलाला आत घेत नाहीत. जोडी पाहिजे."

"तू पहिल्यांदा गेलास तेव्हा?"

"एकटाच होतो. वाजवणाऱ्याने आपल्या यादीत माझं नाव घातलं. आता मीही दोघा-तिघांची नावं घालतो. त्याहून जास्त चालत नाहीत."

"आणि बाकीचे?"

तो थोडा वेळ बोलला नाही. "बाकीचे स्टेशनवर जाऊन बसतात, सर. शेवटची लोकल गेलेली असते. पहाटेपर्यंत गाडी नाही."