डार्विनच्या ‘स्ट्रगल’चे जर्मनीत काय झाले?

चार्ल्स डार्विनचे ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ २४ नोव्हेंबर १८५९ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी श्टुटगार्टच्या श्वाइत्सरबार्ट या प्रकाशनसंस्थेने त्याचे जर्मन भाषांतर काढले. भाषांतरकार हाइन्रिख गेऑर्ग ब्रॉन हा पोटापाण्यासाठी पाने पाडणारा लेखनिक नव्हता. तो हायडेलबर्ग विद्यापीठातला प्राध्यापक आणि जीवाश्मांचा युरोपभर मान्यता असलेला जाणकार. डार्विनच्या ‘स्ट्रगल फॉर एक्झिस्टन्स’साठी त्याने ‘काम्फ उम्स डाझाइन’ असे शब्द योजले. डाझाइन म्हणजे अस्तित्व आणि काम्फ म्हणजे लढाई. हा ‘काम्फ’ शब्द मुळात लॅटिन ‘कांपुस’पासून, म्हणजे मैदानापासून, रणमैदानापासून आलेला.

पुढच्या पन्नास वर्षांत हे तीन शब्द जर्मनीत सर्वतोमुखी झाले. १९१२ साली निवृत्त सेनानी फ्रीडरिख फॉन बेर्नहार्डी याने ‘जर्मनी आणि पुढचे युद्ध’ या अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहिले. युद्ध ही जीवशास्त्रीय गरज आहे, असे त्यात त्याने छातीठोकपणे मांडले. मग दोन वर्षांनी महायुद्ध सुरू झाले आणि त्यानंतर जे झाले ते सर्वांना ठाऊक आहे. या घटनाक्रमातून एक गोष्ट तयार झाली आणि ती अजून सांगितली जाते: इंग्रजी शब्द निरुपद्रवी होता, भाषांतरकाराने त्याची तलवार केली आणि त्याची फळे साऱ्या जगाने भोगली. गोष्ट ऐकायला छान आहे. मला ती निम्मीच पटते.

आधी पटणारा भाग. ‘स्ट्रगल’ या इंग्रजी शब्दाच्या पोटात बरेच काही मावते. दोघे एकमेकांना भिडले तर तो स्ट्रगल. दम लागलेला माणूस श्वासासाठी तडफडतो तोही स्ट्रगल. विधवा बाई चार मुलांना वाढवताना मेटाकुटीला येते तोही स्ट्रगलच. हे अर्थ एकमेकांत मिसळलेले आहेत आणि डार्विनला ते तसे मिसळलेलेच हवे होते. तिसऱ्या प्रकरणाच्या आरंभी त्याने स्वच्छ सांगून टाकले की हा शब्द आपण व्यापक आणि लाक्षणिक अर्थाने वापरतो आहोत, एका जिवाचे दुसऱ्यावर अवलंबून असणेही त्यात धरले आहे आणि मागे संतती ठेवण्यातले यशसुद्धा.

त्याची उदाहरणे मुळातून पाहावीत अशी आहेत. पहिले अपेक्षित तेच: दुष्काळात एका घासासाठी झगडणारी दोन श्वापदे. दुसऱ्यात मात्र प्रतिस्पर्धीच नाही. वाळवंटाच्या कडेला एक रोप उभे आहे आणि ते अवर्षणाशी ‘स्ट्रगल’ करते. खरे तर ते ओलाव्यावर अवलंबून आहे असे म्हणणे अधिक योग्य, असेही डार्विन लगेच जोडतो. आणखी एक उदाहरण मिसलटोचे, म्हणजे तिकडच्या बांडगुळाचे. ते सफरचंदाच्या झाडावर वाढते. बांडगुळे फार झाली तर झाड वाळते, म्हणून बांडगूळ झाडाशी झगडते असे फार ओढूनताणूनच म्हणता येईल. पण एकाच फांदीवर दाटीने उगवलेली त्याची रोपे एकमेकांशी झगडतात, हे म्हणणे जास्त सरळ. शिवाय त्याच्या बिया पक्षी पसरवतात, तेव्हा पक्ष्यांना आपल्याकडे ओढण्यासाठी इतर फळझाडांशीही त्याची चढाओढ आहे. एवढ्या सगळ्याला एकच शब्द वापरताना आपण सोयीखातर वापरतो आहोत, हेही तो मान्य करतो. शब्दाच्या ढिलेपणाची अशी जाहीर कबुली देणारे शास्त्रज्ञ फार नाहीत.

आता हे सगळे ‘काम्फ’मध्ये मावते का? डार्विनलाच शंका होती. १८६९ च्या मार्चमध्ये विल्हेल्म प्रायर या शरीरशास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात त्याने ती बोलून दाखवली आहे. जर्मन शब्दातून नेमकी तीच कल्पना पोहोचत नसावी, असा त्याचा अंदाज होता. दुष्काळात एकाच अन्नाच्या शोधात असलेली दोन माणसे इंग्रजीत स्ट्रगल करतात, एकटा माणूस अन्न शोधत असला तरी करतो आणि जहाज फुटल्यावर लाटांशीही करतो, असे त्याने समजावून सांगितले.

पण या बाबतीत डार्विनचा शब्द प्रमाण मानायचे कारण नाही. त्याचे जर्मन बेताचेच होते. त्याच्या मुलाने लिहिलेल्या आठवणींत एक गंमत आहे. आपण जर्मन शिकायला सुरुवात केली, असे डार्विनने मित्र हूकर याला मोठ्या ऐटीत सांगितले, तर हूकर म्हणाला, त्यात काय, मी तर ती कितीतरी वेळा सुरू केली आहे! जर्मनमध्ये माणूस शेवटच्या घटका मोजतो त्याला ‘टोडेसकाम्फ’ म्हणतात, मृत्यूशी चाललेली झुंज. तिथे समोर कोणी शत्रू नसतो. लाटांशीही जर्मन माणूस ‘काम्फ’ करू शकतो. ‘रिंगेन’ हा दुसरा शब्दही हाताशी होता. त्याचा अर्थ कुस्ती, पण श्वासासाठी तडफडणेही त्याच क्रियापदाने सांगतात. मला विचाराल तर ‘रिंगेन’ अधिक जवळचा होता. तरीही ‘काम्फ’ ही घोडचूक होती असे म्हणवत नाही. दोन्ही भाषांतले शब्द एकमेकांवर बरेचसे बसतात, फक्त कडा जुळत नाहीत. जर्मन शब्दात लढाईचा अर्थ आधी कानावर पडतो आणि धडपडीचा मागून येतो, एवढाच फरक.

ब्रॉनवर खरे तर याहून मोठे आरोप आहेत. ‘नॅचरल सिलेक्शन’चे त्याने ‘नैसर्गिक पैदास’ या अर्थाचे ‘त्स्युख्टुंग’ केले. पैदास म्हटली की पैदास करणारा आला, आणि तसा कोणी निसर्गात नाही हेच तर डार्विनला सांगायचे होते. पुस्तकाच्या उपशीर्षकात ‘फेव्हर्ड रेसेस’ होते, म्हणजे परिस्थितीने ज्यांना झुकते माप दिले अशा जाती. ब्रॉनने ‘फेव्हर्ड’च्या जागी ‘पूर्णत्वाला नेलेल्या’ असा शब्द घातला. माणसाच्या उत्पत्तीवरही यातून प्रकाश पडेल, हे शेवटाजवळचे गाजलेले वाक्य त्याने गाळले आणि वर स्वतःच्या शंकांचे एक प्रकरण जोडले. वाक्य गाळणे अक्षम्य आहे. शब्दांच्या बाबतीत मात्र निवाडा इतका सोपा नाही.

‘सिलेक्शन’ हा १८५९ मध्ये गुरे-कबुतरे पाळणाऱ्यांचा व्यवहारातला शब्द होता. डार्विनने पहिले प्रकरणच पाळीव प्राण्यांवर लिहिले, त्यात कबुतरांवर पानेच्या पाने खर्च केली, ती याच कारणाने. फेब्रुवारी १८६० मध्ये त्याने ब्रॉनला पत्र लिहून विचारले की तुमच्याकडे पैदासकार याला काय म्हणतात, तसा एखादा शब्द मिळेल का? ब्रॉनने आधी सुचवलेल्या ‘जीवनपद्धतीची निवड’ या अर्थाच्या शब्दांत त्याला लामार्कच्या मताचा, म्हणजे जीव सवयींमुळे बदलतात या कल्पनेचा, वास येत होता, तो त्याला नको होता. तेव्हा ‘त्स्युख्टुंग’ हा एका परीने खुद्द लेखकाच्याच मागणीला दिलेला प्रतिसाद. सँडर ग्लिबॉफ या विज्ञानाच्या इतिहासकाराने २००८ मधल्या आपल्या पुस्तकात ब्रॉनची अशीच बाजू घेतली आहे. ब्रॉनचे शब्द त्याच्या स्वतःच्या जीवाश्मशास्त्रातून आले होते आणि नव्या विचाराला जर्मन शास्त्राच्या भाषेत बसवण्याचा तो जाणता प्रयत्न होता, असे त्याचे म्हणणे. ते बव्हंशी पटते. ब्रॉन १८६२ मध्ये वारला. पुढे १८६७ मध्ये युलिउस व्हिक्टर कारुसने भाषांतर सुधारले, ‘पूर्णत्वाला नेलेल्या’ काढून ‘अनुकूलता लाभलेल्या’ आणले, ‘पैदास’च्या जागी ‘पैदाशीतली निवड’ आणली. ‘काम्फ’ला त्यानेही हात लावला नाही.

‘रेसेस’चे तर काय सांगावे! डार्विन या पुस्तकात कोबीच्याही ‘रेसेस’ म्हणतो. जर्मन ‘रासे’ने त्या शब्दातला कोबी गमावला आणि माणूस तेवढा शिल्लक ठेवला. अर्थात इंग्रजीतही तेच झाले.

आणि इथेच ती छान गोष्ट मला पटेनाशी होते. भाषांतराने अर्थ बिघडला असेल तर मूळ भाषेत वाचणाऱ्यांना तो नीट कळायला हवा होता. कळला का? डार्विनचा कट्टर पाठीराखा टॉमस हक्स्ली याने १८८८ मध्ये प्राणिसृष्टीची तुलना रोमन ग्लॅडिएटरांच्या खेळाशी केली. त्याला कोणी ब्रॉन आडवा आला नव्हता. त्याने इंग्रजीतच वाचले आणि इंग्रजीतच लढाई पाहिली. त्याला उत्तर दिले क्रोपोत्किनने. १९०२ च्या ‘म्युच्युअल एड’ या पुस्तकात डार्विनने सांगितलेल्या व्यापक, लाक्षणिक अर्थाकडे त्याने बोट दाखवले. म्हणजे मूळ इंग्रजी परिच्छेदाची आठवण इंग्रजांना करून द्यायला एक रशियन लागला.

तो परिच्छेद जर्मन वाचकापुढेही होता. वाळवंटाच्या कडेचे रोप आणि बांडगूळ ब्रॉनच्या भाषांतरातही आहे. पण ‘काम्फ उम्स डाझाइन’ हे शब्द मुखपृष्ठावर होते आणि खुलासा आत, तिसऱ्या प्रकरणात. मुखपृष्ठ सर्वांनी वाचले, तिसरे प्रकरण थोड्यांनी. बेर्नहार्डीसारख्या माणसाला हवा होता तो अर्थ मुखपृष्ठानेच दिला. ब्रॉनने ‘रिंगेन’ वापरला असता तर जर्मन सेनाधिकाऱ्यांनी वेगळे काही केले असते, असे मानणे म्हणजे शब्दांना फार मोठेपणा देणे झाले. लंडनच्या साम्राज्यवाद्यांना ‘स्ट्रगल’ने आवरले नव्हतेच. मग भाषांतरकाराच्या पदरी दोष घालायचा तो किती? एवढाच की जो शब्द मुखपृष्ठावर जाणार, तो खुलाशाशिवाय एकटा फिरणार, याचा विचार त्याने करायला हवा होता. हा दोष डार्विनकडेही जातो. शीर्षक त्याचेच होते.

आपल्याकडे या शब्दासाठी ‘जीवनकलह’ आणि ‘जीवनसंघर्ष’ रूढ झाले. कलहाला निदान दोघे लागतात; वाळवंटातल्या रोपाने तो कोणाशी करायचा? त्यावर कडी म्हणून शिकवताना ‘बळी तो कान पिळी’ ही म्हण सर्रास सांगितली जाते, तीही उत्क्रांतीचे सार म्हणून. ‘काम्फ’वर बोट ठेवण्याआधी आपण एवढे तरी आठवावे. मराठीत ‘धडपड’ हा शब्द आहे. ती एकट्याने करता येते, दोघांनी करता येते, पाण्याविना तगू पाहणारे रोपही करते, आणि तिच्यात कोणाचा कान पिळला जात नाही. जे शिक्षक आणि पाठ्यपुस्तकांचे लेखक हा विषय मराठीत मांडतात त्यांना माझी विनंती आहे: जीवनसंघर्ष हा शब्द हवा तर ठेवा, पण त्याच ओळीत ‘जगण्याची धडपड’ असेही लिहा, आणि पहिले उदाहरण दोन श्वापदांचे न देता त्या रोपाचे द्या.