मोजलेले नाणे, नोंदलेला तारा



लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात प्रभूने हरवलेल्यांचे तीन दाखले दिले आहेत. मेंढरू व धाकटा मुलगा यांवर आपण पुष्कळ संदेश ऐकतो. मधले नाणे मात्र घाईत उरकले जाते. नाणे ओरडत नाही, घराची आठवण होऊन परतही येत नाही. शिवाय एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. दहांतले एक गेले हे त्या बाईला कळले, कारण तिने ती मोजली होती.

या मोजण्याविषयी आकाशातील एक हकीकत सांगण्याजोगी आहे. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी मोठ्या वर्गात ती अवश्य सांगावी.

सिसिली बेटावर पालेर्मो येथे ज्युसेप्पे पियाझी नावाचे रोमन मंडळीतील धर्मगुरू वेधशाळेचे प्रमुख होते. ताऱ्यांची बिनचूक यादी करण्याचे काम त्यांनी हाती घेतले होते. काम रुक्ष, आणि पियाझी यांची पद्धत त्याहून रुक्ष. एका रात्रीच्या मोजमापावर त्यांचे समाधान होत नसे. तोच तारा ते अनेक रात्री पुन्हा मोजत. १ जानेवारी १८०१ च्या रात्री वृषभ राशीत त्यांनी एका अंधुक ठिपक्याची जागा लिहून घेतली. दुसऱ्या रात्री ती जागा थोडी सरकली होती. तिसऱ्या रात्री आणखी सरकली. एकदाच मोजून पान उलटणाऱ्याला हे कधीच दिसले नसते.

मंगळ व गुरू यांच्यामधील मोठ्या पोकळीत एखादा ग्रह असावा, असे तेव्हा अनेक विद्वानांना वाटत होते. त्याच्या शोधासाठी जर्मनीत १८०० साली काही खगोलशास्त्रज्ञांनी राशीचक्राचे २४ भाग पाडून ते वाटून देण्याचे ठरवले. पियाझी यांचे नाव त्या यादीत होते. पण आमंत्रण हाती पडण्यापूर्वीच त्यांना तो ठिपका सापडला होता!

त्याला त्यांनी सीरीस हे नाव दिले. पुढे ते आजारी पडले. ११ फेब्रुवारीनंतर वेध थांबले आणि सीरीस सूर्याच्या तेजात दिसेनासा झाला. हाताशी उरल्या फक्त २४ नोंदी. हात लांब करून दोन बोटे धरावी, एवढ्याच आकाशातला तो प्रवास. तेवढ्यावरून पुढची वाट कशी काढावी? अनेकांनी गणिते मांडली, दुर्बिणी लावल्या, पण सीरीस मिळाला नाही.

तेव्हा कार्ल फ्रीड्रिश गाऊस या २४ वर्षांच्या तरुणाने नव्या रीतीने गणित केले. इतरांच्या अंदाजापासून बऱ्याच दूरची जागा त्याने सांगितली. गोथा येथील फॉन झाख यांना ७ डिसेंबरला तेथे काही दिसल्यासारखे झाले. पण हवा प्रतिकूल होती. अखेर ३१ डिसेंबरच्या रात्री त्यांची खात्री पटली.

गाऊसची कीर्ती झाली, ती योग्यच होती. परंतु त्याच्या हाती काय होते? पियाझींची वही. तीत ‘साधारण तिकडे कुठेतरी’ असे लिहिलेले असते, तर त्याची बुद्धी काय करणार होती?

आपल्या मंडळ्यांकडे पाहा. बेळगाव, इंदूर, वडोदरा येथील कितीतरी तरुण नोकरीसाठी दूर गेले. प्रार्थनासभेत आपण त्यांच्यासाठी कळवळून मागतो, आणि पाळकसाहेबांनी पत्ता विचारला की सगळे एकमेकांकडे पाहतात. मुलगा कोणत्या रविवारपासून वर्गात येईनासा झाला? त्याच्या घरी कोण गेले? हजेरीची वही हे कारकुनी काम समजून ते कोवळ्या पोराकडे देऊन मोकळे होणारे शिक्षक आहेत. मला वाटते, नाणे तेथेच हरवते. दाखला फार ताणू नये हेही खरे. सीरीसची वाट गणितात बसते, माणसाची बसत नाही. म्हणूनच माणसाची नोंद अधिक जपून ठेवावयास हवी.

सीरीसनंतर १८०७ पर्यंत पॅलस, जूनो व व्हेस्टा सापडले. पुढे ३८ वर्षे काहीच नाही. टपाल खात्यातील कार्ल हेन्के नावाचा गृहस्थ मात्र सुमारे १५ वर्षे शोधत राहिला आणि १८४५ साली त्याला पाचवा मिळाला. मग ओघ सुरू झाला. १८६१ मध्ये आपल्या मद्रासच्या वेधशाळेतून नॉर्मन पॉग्सन यांनी एक शोधला. त्याचे नाव ‘एशिया’. आज ही संख्या दहा लाखांवर गेली आहे.

हे भाऊबंद वाढले तसे सीरीसचे ग्रहपद गेले, तो लघुग्रह म्हणवू लागला. २००६ पासून त्याला बटुग्रह म्हणतात. मार्च २०१५ मध्ये ‘डॉन’ हे अमेरिकेचे यान त्याच्याभोवती फिरू लागले. पियाझींचा तो ठिपका सुमारे ९४० किलोमीटर रुंदीचा गोल निघाला, आणि त्यावरील एका विवरात पांढरेशुभ्र डाग चमकताना दिसले. त्यांत मुख्यतः सोडियम कार्बोनेट आहे, म्हणजे आपल्या घरचा धुण्याचा सोडा. २०१८ साली यानाचे इंधन संपले. त्याची हाक आता येत नाही. पण ते सीरीसला सोडून गेलेले नाही, त्याच्याच भोवती घिरट्या घालीत आहे.