बोटभर ढील

१९९८ साली मी नाशिक परिसरात नवखा धर्मगुरू म्हणून काम करू लागलो, तेव्हा वस्त्यावस्त्यांवर फिरण्यासाठी माझ्या वाट्याला शंभर सीसीची एक जुनी मोटारसायकल आली. काही महिन्यांतच तिचा गिअर कुरकुरू लागला. पहिला गिअर टाकला की 'खट्ट' असा आवाज होऊन गाडी पुढे झटका खाई. सिग्नलला उभे असताना न्यूट्रल सापडत नसे. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना तर मी बुटाने चक्क दणका देत असे. जिथे पायाला अडथळा जाणवतो तिथेच दोष असणार, असे धरून मी सहा महिने त्या गिअरपेटीला बोल लावला. दोष मात्र पायाशी नव्हता, हाताशी होता.

मोटारसायकल न चालवणाऱ्या वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. इंजिन आणि गिअरपेटी यांच्यामध्ये क्लच असतो. तेलात बुडालेल्या चकत्यांची ती एक चळत असते. एक घर्षणाची, एक पोलादाची, अशा त्या आळीपाळीने रचलेल्या असतात आणि स्प्रिंगांच्या दाबाने एकमेकींना घट्ट धरून ठेवतात. डाव्या हाताची लिव्हर ओढली की केबल तो दाब उचलते, चकत्या सुट्या होतात आणि गिअर सुखाने बदलता येतो. केबल वापराने सैल झाली, तर लिव्हर पूर्ण ओढूनही चकत्या पुरत्या सुटत नाहीत. चाकाकडे जाणारी शक्ती तुटलेली नसते आणि आपण वरून गिअर बदलू पाहतो. मग तो अडतो, आवाज करतो.

हे कुणीतरी समजावून सांगितल्यावर मी स्वतःच पक्कड घेऊन बसलो. लिव्हरपाशी असलेला चेकनट सैल केला आणि अ‍ॅडजस्टर फिरवत गेलो. केबल ताणली गेली, गिअर लोण्यासारखा पडू लागला. एवढ्यावर थांबायला हवे होते. पण लिव्हर अजून किंचित हलत होती आणि ढील म्हणजे दोष अशी माझी समजूत होती. ती शून्य होईपर्यंत मी अ‍ॅडजस्टर फिरवला.

त्याच आठवड्यात एक गृहस्थ मला भेटायला आले. सातपूरच्या एका कारखान्यात ते फिटर होते. बारावीतला मुलगा उशिरा घरी येतो, मित्रांची नावे सांगत नाही, पैशांचा हिशेब देत नाही, ही त्यांची तक्रार. मी सेमिनरीतून नुकताच बाहेर पडलेला. उत्तर तयारच होते. मी म्हणालो, "दोरी आवळा. प्रत्येक रुपयाचा आणि प्रत्येक तासाचा हिशेब मागा." त्यांनी अक्षरशः तसेच केले. पंधरा दिवसांनी समाधानाने सांगून गेले, "फादर, पोरगं सुतासारखं सरळ झालं."

महिन्याभराने मी मुंबईकडून परतत होतो. कसारा घाटाच्या चढावर इंजिन जोरात ओरडू लागले, पण गाडी पुढे जाईना. मूठ पिळावी तसा नुसता आवाज वाढे, वेग मात्र कमीच होई. जळका वास आला. इगतपुरीपर्यंत मी ती बरीचशी ढकलतच आणली.

नाशिकला द्वारकेजवळच्या एका मिस्त्रींनी क्लच उघडला. घर्षणाच्या चकत्या काळ्या पडल्या होत्या, पोलादी चकत्यांवर निळी झाक आली होती. त्यांनी लिव्हर बोटाने हलवून पाहिली आणि विचारले, "फादर, हिचा प्ले कुणी काढून टाकला?" मी कबूल केले. ते म्हणाले, "ही ढील गाडीत मुद्दाम ठेवलेली असते. ती नसली तर तुम्ही हात लावला नाही तरी केबल क्लचला थोडी ओढूनच धरते. मग चकत्या कधीच पुऱ्या चिकटत नाहीत. सपाटीवर कळत नाही, चढावर कळतं."

शंभर सीसीच्या बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर, म्हणजे साधारण बोटभर, मोकळी हालचाल ठेवा असे लिहिलेले असते. मिस्त्रींनी नवी केबल बसवून तेवढी ठेवली. मग हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून तीच ढील पुन्हा पाहिली. सरळ उभ्या गाडीवर बरोबर दिसणारी ढील वळणावर नाहीशी होते, हे मला त्या दिवशी समजले. आणखी एक गोष्ट ते सहज बोलून गेले. केबल जुनी होते तशी ढील वाढते. चकत्या झिजतात तशी ती कमी होते. दोन्ही एकदम झिजत असतील तर लिव्हरवरचे माप बरोबरच राहते आणि आतले सारे संपत आलेले असते.

'पोरगं सरळ झालं' हे वाक्य मला तिथे, त्या तेलकट बाकड्यावर, आठवले. मी त्या घरी जाण्यापूर्वीच मुलगा निघून गेला होता. चार दिवसांनी तो परत आला. कुठे होता ते त्याने सांगितले नाही. हिशेबाची वही मात्र शेवटच्या दिवसापर्यंत चोख होती. त्यातल्या निम्म्या नोंदी खोट्या होत्या.

पुण्याच्या सेमिनरीत आम्ही अ‍ॅरिस्टॉटल शिकलो होतो. सद्गुणाचा मध्य हा अंकगणितातला मध्य नव्हे, हे सांगताना तो मिलो या पहिलवानाचे उदाहरण देतो: त्याला जो आहार अपुरा, तोच नवशिक्याला जड. न्यायाच्या चर्चेत तो लेस्बॉस बेटावरच्या गवंड्यांची शिशाची पट्टी आणतो, जी दगडाच्या आकाराप्रमाणे वाकते. कायदा सर्वसाधारण बोलतो, प्रसंग मात्र विशिष्ट असतो. म्हणून ही लवचीकता. संत थॉमस अक्विनास तिला स्वतंत्र सद्गुण मानतात आणि न्यायाचाच एक भाग ठरवतात. ठेव म्हणून दिलेली तलवार मालकाला परत करावी हा नियम. पण मालक वेडाच्या भरात ती मागत असेल तर? परीक्षेत मी हे उदाहरण लिहून चांगले गुण मिळवले होते. मात्र मनातून मी या सद्गुणाला सवलतच समजत होतो. ज्याला नियम पेलत नाही त्याच्यासाठी ठेवलेली पळवाट. सवलत असती तर ती काढून घेतल्यावर नियम अधिक बळकट व्हायला हवा होता. घाटात उलटेच घडले.

अर्थात सैल केबलचे सहा महिनेही मी विसरलेलो नाही. 'मुलांना मोकळे सोडा' असे म्हणणाऱ्यांनी एकदा तो 'खट्ट' आवाज ऐकावा.

मी त्या फिटर गृहस्थांकडे गेलो आणि माझा सल्ला चुकीचा होता असे स्पष्ट सांगितले. क्लचची हकीकत ऐकून ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "फादर, मी रोज शाफ्ट आणि बुशमध्ये फट ठेवतो. नाही ठेवली तर तापून जाम होतं. पण तिथं ड्रॉइंगवर माप लिहिलेलं असतं. घरात किती ठेवायची?"

माझ्याकडे मिलिमीटर नव्हते. मी त्यांना हँडल वळवून पाहण्याची गोष्ट सांगितली: सगळे सुरळीत असताना नव्हे, निकाल वाईट लागेल किंवा पैसे हरवतील त्या दिवशी मुलगा आपण होऊन बोलतो का, ते पाहा. त्यांनी वही बंद केली. रात्री नऊला घरी यायचे, ही अट मात्र ठेवली. ती मलाही योग्य वाटली.

पुढच्या वर्षी एका रविवारी मिस्सानंतर तो मुलगा माझ्याकडे आला. शिकाऊ परवाना मिळाला होता. माझी गाडी देवळाच्या आवारात एक फेरी मारून आणू का, असे विचारत होता. मी त्याच्या वडिलांकडे पाहिले. ते पाठ फिरवून कुणाशी तरी बोलत होते, आणि मुद्दाम तसेच उभे राहिले.